डांबरी रस्ता सोडा, पांदण धरा

बस्तीत तपासणी शिबिर लावलं की आम्हाला घरोघरी तीच दुखणी भेटतात. बीपी, सुगर आणि गुडघे. डॉक्टर चिठ्ठीवर गोळ्या लिहितात आणि शेवटी सांगतात, रोज अर्धा तास व्यायाम करा. घरी आल्यावर प्रश्न उभा राहतो, कुठे करायचा? गल्लीत दोन माणसं शेजारून चालू शकत नाहीत. बाहेर पडलं की मोठा रस्ता, त्यावर ट्रक, टिप्पर आणि ट्रॅव्हल्स. जिमची फी किराण्याच्या पैशात बसत नाही. बगिच्यात जावं तर त्याच वेळी नळाला पाणी येतं. मग गोळी चालू राहते आणि व्यायाम चिठ्ठीवरच राहतो.

या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही त्या 'कुठे'चं एक उत्तर मांडतो आहोत. बस्तीबाहेरचा मातीचा, मुरमाचा रस्ता आणि घरातली साधी सायकल.

हा रस्ता म्हणजे काय?

विदर्भात आपण त्याला पांदण म्हणतो. पश्चिम महाराष्ट्रात पाणंद म्हणतात, कुठे शिवरस्ता, कुठे गाडीवाट. दोन्ही बाजूंना शेतं, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. काही ठिकाणी मुरूम टाकलेला, काही ठिकाणी नुसती माती. यावरून ट्रक जात नाही, बस जात नाही. सकाळी दोन-चार मोटारसायकली, एखादा ट्रॅक्टर, ढोरं आणि कामाला निघालेल्या बाया, एवढीच वर्दळ. नहराच्या पाळीवरून जाणारा रस्ताही असाच असतो. पाटबंधारे खात्याने नहराची देखरेख करायला तो केलेला असतो. तो बहुतेक सपाट असतो, चढ-उतार फारसा नाही. नवीन शिकणाऱ्याला आणि वयस्कर माणसाला तो सोपा जातो.

शहरात सध्या 'ग्रॅव्हल बाईक'ची हौस आली आहे. जाड टायरची सायकल घ्यायची आणि गाड्या नसलेल्या कच्च्या रस्त्याने रानात फिरायचं. त्या सायकलीची किंमत पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. परदेशात तर सरकारंच असे रस्ते करतात. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचे रूळ काढून तिथे पायी आणि सायकलने जाण्याचे रस्ते केले. आज ते तीन हजार किलोमीटरच्या वर आहेत. आपल्याकडे बिनगाड्यांचे रस्ते वेगळे बांधावे लागत नाहीत, ते प्रत्येक गावाच्या शिवारात आहेत. आणि लाखाची सायकलही लागत नाही.

सायकल शरीराला काय देते?

२०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि दर शंभर प्रौढांमागे ३५ जणांना उच्च रक्तदाब. हे श्रीमंतांचे आजार आहेत ही समजूत आता सोडायला हवी. दिवसभर शिलाई मशीनवर, चौकीदाराच्या खुर्चीवर किंवा ऑटोच्या सीटवर बसणाऱ्या माणसालाही ते होतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम करावेत. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. सायकल चालवताना मांडीचे मोठे स्नायू काम करतात आणि रक्तातली साखर वापरतात. हा परिणाम सायकल ठेवल्यावरही काही तास राहतो. नियमित चालवली तर बीपी उतरायला मदत होते. गुडघ्यांसाठी तर सायकल चालण्यापेक्षा सोयीची, कारण अंगाचं वजन सीटवर असतं, गुडघ्यावर नाही.

मग मोठ्या रस्त्यावरच का नाही चालवायची? २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. आरोग्यासाठी निघालेल्या माणसाने ट्रकच्या कडेने का जावं? शिवाय जोरात पायडल मारताना आपण खोल श्वास घेतो, आणि मोठ्या रस्त्यावर तो श्वास डिझेलच्या धुराचा असतो. मुरमाच्या रस्त्यावर सायकल हळू जाते, पण मेहनत जास्त लागते. हात, पाठ, पोट, सगळं तोल सांभाळायला लागतं. म्हणून इथे किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा.

भगवान बुद्धांनी पंचेचाळीस वर्षं पायी चारिका केली. अंगुत्तर निकायात त्यांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, मेहनत करायची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि मिळवलेली एकाग्रता टिकते. शरीर हलतं ठेवणं हा आपल्या धम्माचाच भाग आहे.

रस्ता कोणाचा?

हे आरोग्याचं पान आहे, तरी हा प्रश्न इथे घ्यावाच लागतो. बाया आम्हाला हळूच विचारतात, "ताई, त्या गावाच्या पांदणीने आपण गेलो तर चालेल का?" या भीतीला इतिहास आहे.

१९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांकडे गोरेगावला जायचं होतं. मुलं महार आहेत हे कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळाली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. १९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन, सरकारच्या चौकशी समितीचे सभासद म्हणून फिरत असताना चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. बस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. रस्ता होता, टांगा होता, पैसे होते. अडवलं होतं जातीने.

आपले आजे-पणजे याच पांदणींनी गावकीची कामं करत धावले. निरोप पोहोचवायला, मेलेली ढोरं ओढायला. राबायला रस्ता मोकळा होता, मानाने जायला नव्हता. आपल्या बस्त्या गावकुसाबाहेर ठेवल्या, म्हणून आज पुष्कळ पांदणी आपल्या दारातूनच सुरू होतात. मग त्या रस्त्यावर पहिलं पायडल आपण का मारू नये?

कायदा काय सांगतो ते पाठ करून ठेवा. संविधानाचं कलम १५ विहिरी, तलाव आणि घाटांबरोबर रस्त्यांचंही नाव घेतं. सार्वजनिक रस्ता वापरायला जातीच्या कारणावरून कोणालाही अडवता येत नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यात अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, चपला-बूट किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणं हा स्पष्ट शब्दांत गुन्हा केला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. होय, सायकलचं नाव कायद्यात लिहिलेलं आहे, कारण सायकलवरून उतरवल्याचा अनुभव आपल्या माणसांना जागोजागी आला आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा हे संरक्षण आपल्यालाही आहे.

कोणी अडवलंच तर जागेवर भांडू नका. नाव, वेळ, ठिकाण आणि सोबतचे साक्षीदार लक्षात ठेवा, परत फिरा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६६ हा क्रमांक फुकट आहे. तातडीची गरज असेल तर ११२.

रस्ता कसा शोधायचा?

शेतात कामाला जाणाऱ्या बायांना विचारा. कोणती पांदण कुठे निघते, कुठे चिखल राहतो, कोणत्या वाड्यात कुत्री आहेत, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. दुसरं, तलाठ्याकडे गावाचा नकाशा पाहायला मागा. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि पायमार्ग एका तुटक रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. नकाशात रस्ता आहे आणि जागेवर काटे टाकले आहेत किंवा नांगर फिरवला आहे, असं दिसलं तर ग्रामसभेत विषय मांडा आणि तहसीलदाराकडे अर्ज द्या. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली आणि तिच्यातून रोजगार हमीच्या जोडीने हे रस्ते होऊ लागले. आपल्या बस्तीजवळची पांदण यादीत आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

नागपूरकडच्या वाचकांसाठी एक उदाहरण. नवेगाव खैरीच्या धरणातून पेंच प्रकल्पाचे डावा आणि उजवा असे दोन मोठे नहर निघतात. डावा रामटेक, मौद्याच्या बाजूला जातो, उजवा पारशिवनी, कामठीच्या बाजूला. या नहरांच्या आणि त्यांच्या फाट्यांच्या पाळीवर जिथे वाट चालू आहे, तिथे धानाच्या बांधांमधून सायकल नेता येते. मोबाईलच्या नकाशावर नहराची निळी रेषा सापडते. पहिल्यांदा एखाद्या रविवारी दोघा-तिघांनी जाऊन रस्ता पाहून या. बायका, मुलं, वयस्कर यांना त्यानंतरच न्या.

सायकल कोणती?

घरात असेल ती. जुनी काळी सायकल मुरमावर चांगली चालते, तिची चाकं मोठी असतात. मानव विकास कार्यक्रमातून मुलीला शाळेसाठी मिळालेली सायकल बारावीनंतर दाराशी गंजत पडलेली असेल तर तिचं ओव्हरऑइलिंग करा आणि आईने चालवायला घ्या. दोन्ही ब्रेक लागतात का ते पाहा. एका ब्रेकची सायकल मुरमावर न्यायची नाही. टायरमध्ये हवा डांबरी रस्त्यापेक्षा किंचित कमी ठेवा, म्हणजे सायकल कमी उडते आणि घसरत नाही. फार कमी मात्र नको, दगडावर ट्यूब दबून पंक्चर होते.

सीटची उंची बरोबर नसेल तर गुडघे दुखतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल खाली गेल्यावर गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. तो वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या. साडी असेल तर चेनकव्हर हवंच, ओढणी असेल तर कमरेला बांधा. पायात बंद बूट घाला. सुगर असलेल्यांनी तर चपलेवर जाऊच नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, जखम कळत नाही आणि पुढे चिघळते. परत आल्यावर तळपाय रोज पाहा.

निघण्याआधी तपासा

पहिल्या दिवशी निघण्याआधी बीपी मोजून घ्या. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल. छातीत दुखत असेल, थोड्या श्रमाने दम लागत असेल, हृदयाचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको.

सुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जायचं नाही. एखादी पोळी किंवा मूठभर फुटाणे खाऊन निघा. खिशात साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब उतरा आणि तीन चमचे साखर खा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. नंतर काहीतरी पोटभरीचं खा आणि त्या दिवशी परत फिरा. इन्सुलिनचं इंजेक्शन सायकलच्या दिवशी मांडीत न घेता पोटावर घ्या, कारण मांडी हलली की ते लवकर रक्तात जातं. सुगर ३०० च्या वर असेल किंवा ताप असेल तर सायकल नको.

सिकलसेलबद्दल वेगळं सांगतो, कारण विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. ज्यांचा रिपोर्ट 'एएस' आहे, म्हणजे जे फक्त वाहक आहेत, त्यांनी सायकल जरूर चालवावी. मात्र भर उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावून चालवू नये. ज्यांचा 'एसएस' आहे त्यांना थंडी, तहान आणि अतिश्रम यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने, ऊन पडल्यावर, अंग झाकून, थोडंच चालवावं आणि सतत घोट-घोट पाणी प्यावं. अजून तपासणीच झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या, ती फुकट होते.

बायांनी हिमोग्लोबिन तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चार पायऱ्या चढून धाप लागत असेल तर आधी रक्त वाढवा. गरोदर बाईने खडबडीत रस्त्यावर सायकल चालवू नये, तिने चालावं.

वाटेतले धोके

फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतात फवारा चालू दिसला, औषधाचा वास आला की तिथून परत फिरा. नाकाला रुमाल लावून पुढे जाऊ नका, रुमालाने विष थांबत नाही.

साप. पावसाळ्यात पांदणीवर गवत वाढतं. तेव्हा गवतातून जाऊ नका, अंधारात तर नाहीच. साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला आडवं ठेवा आणि १०८ ला फोन करा.

कुत्रं. मागे लागलं तर वेग वाढवू नका. उतरा आणि सायकल मधे धरा. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा.

नहर. नहराच्या काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असतं. पाय घसरला तर वर चढता येत नाही. हात-तोंड धुवायलाही खाली उतरू नका. मुलांना पाण्याच्या बाजूने कधीच चालवू देऊ नका.

ऊन. मार्च ते जून सकाळी साडेसातच्या आत घरी परत या. पाण्याची बाटली सोबत हवीच. घामाने अंग गळालं तर ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्या.

दम्याच्या रुग्णाने पंप खिशात ठेवावा. टीबीचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील तर ताकद येईपर्यंत थांबावं.

एकट्याने नाही, मिळून

एकटी बाई पांदणीवर जायला घाबरते आणि त्यात तिची काही चूक नाही. पाच-सहा जणींचा गट करा. सगळ्यात हळू चालवणारी पुढे आणि तरबेज शेवटी, म्हणजे कोणी मागे राहत नाही. एकीकडे फोन, एकीकडे पंक्चरचं सामान, एकीकडे साखर आणि पट्टी. ज्यांना सायकल येत नाही त्यांना विहाराच्या अंगणात शिकवा. शिकायला वयाची अट नाही. सीट खाली करून दोन्ही पाय जमिनीला टेकतील असं बसा, आधी पायाने ढकलत तोल शिका, पायडल नंतर.

गटाचे नियम दोनच ठेवा. खर्रा घरी ठेवून यायचा, आणि आदल्या रात्री दारू घेतलेल्याने सकाळी सायकल घ्यायची नाही. पंचशील आपण दर रविवारी घेतोच.

सुरुवात अशी करा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पंधरा मिनिटं. पुढचे दोन आठवडे वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. पाचव्या आठवड्यापासून अर्धा तास, पाच दिवस. वेग एवढाच ठेवा की सोबतिणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गोळ्या मनाने बंद करू नका. दोन महिन्यांनी बीपी-सुगर पुन्हा मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही, ते त्यांनीच ठरवायचं.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात थांबा. बीपीचं मशीन मागवा, प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा आणि बस्तीत किती सायकली धूळ खात पडल्या आहेत ते मोजा. मग दोघं जण जाऊन जवळची पांदण पाहून या. त्याच्या पुढच्या रविवारी सगळे मिळून निघा. मुलांनाही घ्या, त्यांना रस्ता लहानपणापासून ओळखीचा झाला पाहिजे.

जय भीम. नमो बुद्धाय.